किंग काँग कसा पडला

12 जुलै 2012 ला दारा सिंग गेले. दिवसभर टीव्हीवर तीच ती दृश्यं: ‘रामायण’मधला हनुमान, मुमताजबरोबरची ब्लॅक अँड व्हाइट गाणी आणि मधूनच एका रिंगणातली धूसर झटापट. भिवंडीजवळच्या खाडीकाठच्या आमच्या घरात आजोबा खाटेवर बसून बघत होते. वय ऐंशीच्या आसपास, कान जड झालेले, नजर मात्र टीव्हीवरून हलत नव्हती. त्या झटापटीत एक अवाढव्य गोरा माणूस मागच्या मागे कोसळला आणि आजोबा म्हणाले, “दाराला काय बगतंस? त्या किंग काँगला बग.”

मी तेव्हा कॉलेजात होतो. डब्ल्यूडब्ल्यूई बघत, ट्रम्प कार्डं खेळत मोठा झालेलो, त्यामुळे या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. मी मोठ्या आवाजात म्हटलं, “आजोबा, ते सगळं आधीच ठरलेलं असतं. तो पडणारच होता.”

आजोबा रागावले नाहीत. “परला नाय रं तो,” ते म्हणाले. “परून दिलान.”

आमच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते. तो पडला नाही, त्याने पडून दिलं. मी ज्याला फसवणूक म्हणत होतो त्यालाच ते कसब म्हणत होते. आणि ते कसब त्यांनी वरळीला जाऊन, तिकीट काढून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दारा सिंगांवर त्या आठवड्यात भरपूर छापून आलं. मी शोधत बसलो तो त्यांच्यासमोरचा माणूस.

त्याचं खरं नाव एमिल चाया. जन्म 1909 चा, ब्राशोव्ह शहरातला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडलं आणि शहर रुमानियात गेलं. म्हणजे घरातून पाऊल बाहेर न टाकताच या मुलाचा देश बदलला. पुढे तो बाहेर पडला तो जवळजवळ कायमचाच. 1933 साली हॉलिवूडचा ‘किंग काँग’ आला. त्यातल्या राक्षसी वानराचं नाव घेऊन चाया आशियाभर फिरला: हिंदुस्थान, मलाया, सिंगापूर, जपान, पार ऑस्ट्रेलियापर्यंत. त्याचं वजन कुणी 180 किलो सांगतं, कुणी 200. या धंद्यात वजनाचा काटा जाहिरात करणाऱ्याच्या हातात असायचा, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माणूस प्रचंड होता एवढं फोटोत दिसतं.

त्याच्या आधीही गोरे मल्ल इथे आले होते. सगळ्यात गाजलेला स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. 1910 साली लंडनमध्ये गामाशी त्याची कुस्ती झाली तेव्हा हा पोलिश मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ बहुतांश पोटावर पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा गाठ पडायची होती त्या दिवशी तो आलाच नाही. शेवटी जानेवारी 1928 मध्ये पतियाळ्यात दोघं परत भिडले आणि गामाने मिनिटभराच्या आत त्याला चीत केलं. त्या काळी मागे संस्थानिक होता, इनाम होतं. हरला तरी पाहुण्याची सोय व्हायची. आमच्याकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी तालमींना असाच आधार दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. संस्थानं गेली आणि हा आधारही आटला. मग मल्लाला पोसणारा एकच उरला, तिकीट काढणारा प्रेक्षक. त्याला दर आठवड्याला काहीतरी घडलेलं हवं होतं. कुणी अडीच तास पोटावर पडून राहिलं असतं तर त्याने खुर्च्या फेकल्या असत्या.

यातून जी ‘फ्री-स्टाइल’ मुंबईत आली तिच्या नावाने अजूनही गोंधळ होतो. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं तीही फ्री-स्टाइल कुस्ती, आणि वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर किंग काँग लोकांच्या शिव्या खायचा तीही फ्री-स्टाइलच. नाव एक, धंदे दोन. एकात पंच गुण मोजतो, दुसऱ्यात गल्ला मोजला जातो. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो: पदक आणल्यावर या माणसाला 1955 साली पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी लागली, आणि पोटाचा प्रश्न सुटला तो त्या नोकरीने.

त्याच 1955 मध्ये टोकियोच्या रिंगणात हॅरल्ड साकाता नावाचा एक गडी होता. हवाईचा जपानी वंशाचा अमेरिकन. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले, त्याच ऑलिंपिकमध्ये याने वेटलिफ्टिंगचं रौप्यपदक मिळवलं होतं. पदकावर पोट भरत नाही हे त्यालाही कळलं आणि तो व्यावसायिक कुस्तीत शिरला. तुम्ही त्याला पाहिलं असेल: ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात टोपी फेकून मारणारा ऑडजॉब तो हाच. नोव्हेंबर 1955 मध्ये आशियाई जोडीच्या किताबासाठी साकाता आणि जपानचा लाडका रिकिदोझान एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला किंग काँग आणि त्याचा जोडीदार टायगर जोगिंदर सिंग. किताब किंग काँग आणि जोगिंदरने नेला. पण काही दिवसांतच एकेरीच्या आशियाई किताबासाठी रिकिदोझान आणि किंग काँग समोरासमोर आले आणि तिथे मात्र किंग काँग हरला.

आता हाच जोगिंदर मुंबईत दारा सिंगचा प्रतिस्पर्धी, आणि किंग काँगही दारा सिंगचाच. टोकियोतला जोडीदार मुंबईत स्वतंत्र लढतो, टोकियोत राजाला खाली बसवणारा मुंबईत येऊन पुन्हा राजा म्हणून मिरवतो. तेव्हा ना इंटरनेट होतं, ना घराघरांत टीव्ही. मुंबईतल्या प्रेक्षकाला टोकियोचा निकाल कळायचा तो प्रमोटरने कळवला तरच. हार बंदरावर सोडून पुढच्या जहाजात बसता येत होतं. असा फिरता धंदा आता कुणाला जमायचा नाही. आज पडलेल्या माणसाची क्लिप तो उठायच्या आत आपल्या फोनवर आलेली असते.

प्रत्येक देशाला त्याची गरजही वेगवेगळी होती. जपान युद्ध हरलेला, अमेरिकन ताबा नुकताच संपलेला. तिथे रिकिदोझानने परक्या धिप्पाड माणसांना आडवं करायचं आणि रस्त्यावरच्या टीव्हीसमोर जमलेल्या गर्दीने रडायचं. गंमत अशी की रिकिदोझान मूळचा कोरियन होता आणि ही गोष्ट दडवलेली होती. इकडे आपल्याकडे नुकती फाळणी झालेली. दारा सिंग अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचकचा शेतकऱ्याचा मुलगा. सिंगापूरला ड्रमच्या कारखान्यात काम करता करता तो हरनाम सिंग वस्तादांकडे शिकला आणि घरी परतला. आपल्या मातीतला साधा, देखणा, भला माणूस. असा माणूस भला आहे हे दाखवायला समोर कुणीतरी डोंगराएवढा लागतो. चाया तो डोंगर गावोगाव घेऊन फिरत होता.

इथे आमच्या भिवंडीतला एक शब्द आठवतो. यंत्रमागाच्या कारखान्यात ‘जॉबर’ असतो. माग लावणारा, धागा सतत तुटत असेल तर कुठे चुकतंय ते ओळखून ठीक करणारा कारागीर. कापडावर नाव शेठचं, मजुरी विणकराची, पण जॉबर आला नाही तर खाता बंद. अमेरिकन कुस्तीच्या धंद्यातही ‘जॉबर’ आहे. तिथे त्याचा अर्थ दुसऱ्याला मोठं करण्यासाठी हरणारा. योगायोग आहे, दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. किंग काँग काही त्या अर्थाने जॉबर नव्हता, पोस्टरवर त्याचं नाव ठळक असायचं आणि तो पुष्कळ कुस्त्या जिंकायचाही. पण खेळ लावून द्यायचं काम तोच करायचा, म्हणून मला आमच्याकडचा अर्थ त्याला जास्त शोभतो.

आजोबा तरुणपणी भिवंडीच्या बाजारात हमाली करायचे. सुताची बाचकी गाडीतून उतरवायची आणि कारखान्यात न्यायची. पावसाळ्यात घरची भातशेती, आणि भात निघालं की उन्हाळ्यापर्यंत जत्रा. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात कोल्हापूरसारखं कुस्तीचं वैभव कधी नव्हतं, पण गावदेवीची जत्रा म्हटली की आखाडा ठरलेला. दुपारी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पाच-दहा रुपयांच्या, आणि दिवस कलल्यावर शेवटची मोठी. आजोबांना शेवटची क्वचित मिळायची. ते शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या कुस्तीचे पैलवान. बक्षीस म्हणून मिळालेलं एक पितळेचं घमेलं आमच्याकडे अजून आहे, आजी त्यात तांदूळ पाखडून ठेवायची.

तर हे असे आजोबा तीन मित्रांबरोबर एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने मुंबईला गेले, किंग काँग बघायला. साल त्यांना आठवत नव्हतं. दारा आणि किंग काँग एकदाच लढले असं आपल्याला वाटतं, पण ते पुष्कळदा लढले. दाराने त्याला डोक्यावर उचलून रिंगणाबाहेर फेकलं ही गोष्ट सगळ्या देशाला पाठ आहे. आजोबांनी मात्र फेकलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते उचलून आपटलेलं.

“बाचका उरी मारत नाय,” ते मला म्हणाले. “तो मारतो.”

मला समजायला वेळ लागला. आयुष्यभर वजन उचललेल्या माणसाचं ते निरीक्षण होतं. निर्जीव दोनशे किलो सहसा कुणी छातीच्या वर घेऊ शकत नाही. पण ज्याला उचलायचं तोच योग्य क्षणी टाच रेटून उडी मारत असेल, समोरच्याच्या खांद्यावर तळवा टेकून स्वतःचा भार तोलत असेल, तर ते होतं. आणि मग खाली येताना हनुवटी छातीला लावायची, हात पसरायचे आणि सगळी पाठ एकाच वेळी जमिनीला द्यायची, म्हणजे मार वाटला जातो. मातीतल्या पैलवानाला लहानपणापासून याच्या नेमकं उलट शिकवलेलं असतं. मरायची वेळ आली तरी पाठ लागू द्यायची नाही, हवेतच वळायचं, पोटावर पडायचं. आजोबा म्हणाले की तो गोरा पाठ देत होता आणि त्यांच्या अंगावर काटा येत होता. शेजारी बसलेली माणसं हसत होती, शिट्ट्या मारत होती.

या सगळ्यात सगळ्यात नाजूक गोष्ट विश्वासाची. डिसेंबर 1954 मध्ये रिकिदोझान आणि जपानचा थोर ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुराने नंतर सांगितलं की बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं. रिकिदोझानने मध्येच ठरलेलं मोडलं आणि किमुराला बेशुद्ध होईपर्यंत मारलं. ज्याने आपलं शरीर समोरच्याच्या हवाली केलं होतं त्याला बचावाची तयारीच करता आली नाही. हे घडल्यावर जेमतेम वर्षभराने किंग काँग त्याच रिकिदोझानसमोर उभा राहिला आणि हरून आला.

किंग काँगच्या नावावर दारा सिंगचा संसार उभा राहिला असं म्हटलं तर थोडं जास्त होईल, पण फार नाही. 1962 साली बाबूभाई मिस्त्रींनी दाराला नायक घेऊन चित्रपट काढला, त्याचं नाव ‘किंग काँग’. त्यानंतर ‘फौलाद’, मुमताज आणि पुढचं सगळं. 1959 मध्ये कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून दारा राष्ट्रकुल विजेता झालाच होता. 29 मे 1968 ला मुंबईत त्याने लू थेझला हरवलं. थेझ हा अमेरिकेचा अनेक वेळचा जगज्जेता, त्याचे वडील हंगेरियन वळणाचे चांभार. मुंबईत आला तेव्हा तो 52 वर्षांचा होता. दारा हा खरा मल्ल आहे आणि त्याच्याकडून हरण्यात आपल्याला काही कमीपणा वाटला नाही, असं तो नंतर म्हणाला. या धंद्यात एवढी कबुली म्हणजे मोठं प्रमाणपत्र. कारण जिंकणारा खरोखर जिंकू शकेल असा असला, तरच हरणाऱ्याची इज्जत राहते.

चाया साठीला आला तरी फिरतच होता. 1970 साली मलेशियातली कुस्ती आटोपून मोटारीने सिंगापूरकडे निघाला असताना अपघात झाला, आणि त्या जखमांनी तो गेला. आमच्याकडे 1970 म्हटलं की कुणालाही दुसरं काही आठवत नाही. 7 मे ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली. माग जळाले, माणसं मेली, पुढे चौकशीला मादोन आयोग बसला. आजोबांच्या बाजारातली अर्धी दुकानं बंद झाली, त्यांच्याबरोबर बाचकी उचलणारे दोन जण पुन्हा दिसले नाहीत. किंग काँग मेल्याचं त्यांना माझ्याकडून कळलं, 2012 साली, मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “गारी तोच चालवत व्हता का?” मला माहीत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी, रात्री जेवल्यावर, त्यांनी स्वतःहून विषय काढला. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. तालमीत यापेक्षा वाईट शिवी नाही. नुरा केल्याचं कळलं तर त्या पैलवानाला आखाड्यात पाय ठेवू देत नाहीत, वस्ताद त्याचं तोंड बघत नाही. आजोबांनी एकदा केली होती. माझ्या आत्याच्या लग्नाच्या आधीचा उन्हाळा. जत्रेच्या पंचांपैकी एक जण आदल्या रात्री घरी आला. त्याच्या भाच्याला त्या वर्षी शेवटची कुस्ती मिळाली होती आणि जोड आजोबांशी लागली होती. दीडशे रुपये देतो म्हणाला. आजोबांच्या हमालीचे ते महिनाभराहून जास्त दिवसांचे पैसे.

“आनि त्याला ठावं व्हतं?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“त्या पोराला? नाय.”

भाच्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो जीव तोडून लढला. म्हणजे किंग काँगला जी सोय होती ती आजोबांना नव्हती. समोरचा सावरून घेणार नव्हता, कुठे पडायचं हे एकट्यानेच ठरवायचं होतं, आणि तेही चारशे माणसं हाताच्या अंतरावर उकिडवी बसलेली असताना, ज्यांतल्या निम्म्यांना कुस्ती कळत होती. त्यांनी पंधरा-वीस मिनिटं खरी कुस्ती केली. मग पोराने ढाक लावायला मान धरली तेव्हा जो पाय मागे घ्यायचा तो अर्धा क्षण उशिरा घेतला. आणि हवेत वळले नाहीत.

“त्या गोऱ्याचं बगितलं नसतं त जमलं नसतं,” ते म्हणाले. वरळीहून आणलेली एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात एकदाच वापरली होती. त्यानंतर ते आखाड्यात उतरले नाहीत. घरी सांगितलं, गुडघा गेला.

अमेरिकेच्या जत्रांतून आलेला ‘केफेब’ नावाचा एक शब्द आहे. आतलं गुपित बाहेरच्याला कळू द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिकडे पैलवानांनी तो पोटासाठी पाळला, आणि पाळताना बायकामुलांनाही फसवलं. तो वाचल्यावर मी आजीला गुडघ्याबद्दल विचारलं. आजी म्हणाली, कुठला गुडघा, शेवटपर्यंत भाताचे भारे डोक्यावर आणत होते.

आजोबा 2015 मध्ये गेले. दहाव्याला खाडीवर पुष्कळ माणसं आली होती. पलीकडे जिथे आमच्या गावची तालीम होती तिथे आता एका गोदामाची भिंत आहे, आत कुणाकुणाची ऑनलाइन मागवलेली पार्सलं. भिंतीच्या सावलीत एक म्हातारा काठी टेकून उभा होता. पांढरंशुभ्र धोतर, हाताला चांदीचं कडं. शेजारच्या गावात त्यांना अजून पैलवानच म्हणतात, पोरं वाकून नमस्कार करतात, जत्रेत पहिला नारळ त्यांच्या हातून फुटतो. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवला. हात अजून जड होता.

“तुझ्या आज्याला मी ढाकंवर पारलेला,” ते म्हणाले. “तो सांगायचा का कधी?”

“हो,” मी म्हटलं. “नेहमी सांगायचे.”

ते अजून आहेत. म्हणून या लेखात गावांची नावं नाहीत.